शरूचं एकविसावं

१ जून १९७४, शनिवार

आज अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस. शाळेच्या दाखल्यांवर भरवसा ठेवायचा तर आमच्या भागातल्या आया फक्त एक जूनला बाळंत होतात, बाकीचं वर्ष रिकाम्या असतात. पोराला शाळेत घालायला आणलं की आई म्हणते, "बाजरी काढायच्या टायमाला झाला बघा," आणि आम्ही मास्तर-मास्तरणी निमूटपणे एक जून टाकतो. मी स्वतः बारा वर्षं हेच करतेय.

तर आज आमच्या शरूचाही कागदोपत्री वाढदिवस. शरू म्हणजे माझा धाकटा भाऊ शरच्चंद्र, लोकांचा शरद. दाखल्याप्रमाणे त्याला आज एकवीस पूर्ण झाली. खरं म्हणजे तो आषाढातला, आणि त्याला अजून एकोणीसही झालेली नाहीत. आण्णा गावच्या शाळेत मास्तर होते. आई आजारी, घरात पोर सांभाळायला कोणी नाही, म्हणून चार वर्षांचं कार्टं त्यांनी पहिलीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने सहाचं केलं. जन्मला तेव्हा मी बारा वर्षांची होते, राहीबाई सुईणीला बोलवायला मीच पळाले होते. मला कोणी शिकवू नये तो कधीचा ते.

सकाळी हे म्हणाले, "शरदचा शाळेचा दाखला कुठे ठेवलाय? नोकरीच्या अर्जाला लागेल. एकवीस झाला आज तो." मी ट्रंकेतून काढून दिला. कधी नव्हे ते यांना कुणाचा वाढदिवस आठवला! संध्याकाळी पेढेसुद्धा आणले. गोरक्ष शिपायाची बदली झाल्यापासून यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो रोज दिवेलागणीला कचेरीचे कागद पिशवीतून आणून द्यायचा आणि हे मागच्या खोलीत बसून काम उरकायचे. आज जरा खुलले.

यांच्याबद्दल मी वाईट बोलूच शकत नाही. आई-आण्णा एका वर्षात गेले तेव्हा शरू तिसरीत होता. लग्नाच्या बोलणीत मी एकच अट घातली, की शरू माझ्याबरोबर येईल. दोन स्थळं तिथेच उठून गेली. यांनी फक्त मान हलवली. आम्हाला मूल झालं नाही, पण शरू होता. शरूलाही मी हेच सांगत आलेय, की दाजींचे उपकार विसरलास तर माझं तोंड पाहू नकोस.

९ जून

डोकं बधिर झालंय. राहीबाई आली होती. ती हल्ली लेकीकडे इथे शेवगावातच असते आणि बाजारात भाजी विकते. वांगी मोजता मोजता म्हणाली, "बाई, सांगू का नको सांगू असं झालंय. तुमचा शरद त्या रंगनाथच्या दुकानावर दिसला मला. दोनदा."

रंगनाथचं दुकान म्हणजे सरकारमान्य देशी दारूचं. गेल्या वर्षी उघडलं. सरकारने आधी बंदी केली आणि आता पाटी लावून विकायला लावली, त्याचं सरकारच जाणे. मी म्हटलं, "राहीबाई, तुला दिसत नाही नीट. दुसरा कोणी असेल."

"डोळं गेलं आसतील, पन त्याला म्या पयला पाह्यलाय. चालन्यावरून वळखते."

एकवीस वर्षांखालच्याला विकणार नाही अशी पाटी त्या दुकानावर आहे, हे मी जाता-येता वाचलंय. आणि आमच्या शरूच्या हातात एकवीसचा दाखला गेलाय. अर्जाला म्हणून!

१० जून

शरू झोपल्यावर त्याच्या तोंडाशी वाकून हुंगलं. काही वास नाही. पक्का झालाय मेला, बडीशेप खाऊन येत असणार. वास खोलीत मात्र होता. मागच्या खोलीत शरूची गादी असते आणि हे तिथेच हल्ली संध्याकाळी जपाला बसतात. बिचाऱ्यांना तो वास सहन करत जप करावा लागत असेल, आणि एका शब्दाने बोलले नाहीत मला.

सकाळी चहाच्या वेळी शरूला उभा केला. "रंगनाथच्या दुकानात जातोस?"

तो कपाकडे बघत राहिला. "जातो."

"पितोस?"

"अक्का, थेंब घेतला असेल तर तुझी शपथ."

"मग काय पूजेला आणतोस? कोणाला देतोस? मित्रांना?"

त्याने कप बाजूला सरकवला. मी हात उगारला तसे हे आतून लवंग चघळत आले आणि म्हणाले, "जाऊ दे गं. मोठा झालाय आता. किती टोचशील त्याला?" शरूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चप्पल घालून निघून गेला. चहा तसाच राहिला.

किती मोठं मन यांचं! मला मात्र नाही जमत. आईला तोंड काय दाखवू मी?

१२ जून

आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात गेले. भर दुपारी, म्हणजे गर्दी नसेल. बरोबर शरूची पत्रिका नेली. रंगनाथ मला बघून स्टुलावरून पडायचाच बाकी होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

पत्रिका उलगडून म्हटलं, "हे बघा. आषाढ वद्य दशमी. इंग्रजी चौदा जुलै पंचावन्न. एकोणीससुद्धा भरली नाहीत. तुमच्या पाटीवर काय लिहिलंय?"

त्याने पत्रिका उलटी-सुलटी करून पाहिली. "बाई, तुमी आमच्या पोरीला शिकवलं, तुमच्याशी खोटं बोलायचं न्हाई. पन कुंडली बघून मी काय करू? ह्याच्यात मंगळ हाय का नाय ते कळंल. इन्स्पेक्टर आला तर त्याला काय मंगळ दाखवू? पोरानं शाळेचा दाखला दाखिवला. शिक्का हाय, सही हाय."

"त्यावरची तारीख माझ्या वडिलांनी घातलीय, आणि ती खोटी आहे."

"मास्तर खोटं लिवत्यात म्हनता?"

जे जे खोटं मी लिहिलंय ते सगळं शिक्क्यानिशी खरंच आहे. मी म्हटलं, "लोक पोराचं वय जास्त आहे म्हणून पुरावा देतात, मला कमी आहे म्हणून द्यावा लागतोय, काय दिवस आलेत!" तो हसला आणि मग वरमला. म्हणाला, "शाळेतनं दाखला बदलून आना, दुसऱ्या मिनिटापासनं बंद."

तशीच घरी आले. हे सगळं यांना सांगितलं. मला वाटलं, कचेरीत यांची ओळख आहे, खटपट करतील. तर चिडलेच. "तू त्या दुकानात गेलीस? माझ्या बायकोला लोकांनी तिथे पाहिलं म्हणजे?" अब्रूला किती जपतात! नंतर शांत होऊन म्हणाले, "शाळा सोडल्यावर जन्मतारीख बदलत नाहीत. वेळ घालवू नकोस." आणि कायद्यातलं यांना कळतं.

१७ जून

शाळा सुरू झाली. आज अकरा नवी नावं. एका बाईला विचारलं, "मुलगी कधीची?" ती म्हणाली, "म्हातारा सासरा गेला त्याच्या मागनं दुसऱ्या म्हयन्यात." मी म्हटलं, सासरा कधी गेला? तिला आठवेना. हेडमास्तर मागून खेकसले, "बाई, घंटा झाली, टाका एक जून." टाकली. दुसरं काय करणार होते?

शरू माझ्याशी बोलत नाही. जेवतो, ताट उचलतो, टायपिंगच्या क्लासला जातो. संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडतो. मी दारात आडवी उभी राहिले तर म्हणाला, "अक्का, जाऊ दे. नाही गेलो तर जास्त वाईट होईल." आताच इतका अडकलाय! एकोणिसाव्या वर्षी!

२३ जून, रविवार

काय केलं मी आज! बरोबरच केलं.

बाजारचा दिवस. कागद चालत नाही तर माणूस चालतो का बघू, म्हणून राहीबाईला भाजी लेकीवर सोपवायला लावली आणि हाताला धरून रंगनाथच्या दुकानासमोर नेली. गिऱ्हाइकं वीसएक तरी असतील. राहीबाईने पदर खोचला.

"ए रंगनाथा! वळखतो का मला?"

"तुला कोन वळखत न्हाई मावशे. बाजूला सर, गिऱ्हाइकं हायत."

"सरत न्हाई. मास्तराचं पोरगं, ह्यो शरद, ह्या हातानं वडून काढलाय म्या. पायाळू हुतं, नाळ मानंला. आन् माझा रामा त्याच्या आदल्या साली नवरात्रात, माळेला झाला. रामाला आता इसावं चालू हाय, मंग त्याच्या मागनं आलेला शरद त्याच्या फुडं कसा गेला? सांग की! वाटंत पळाला का?"

लोक खदाखदा हसले. रंगनाथ हात जोडून म्हणाला, "मावशे, तुझ्या तोंडाला शिक्का कुठाय?"

"शिक्का? तू बी माझ्याच हातचा हायस. सांगू का लोकांत, तू कसा झाला आन् तवा तुझा बाप कुठं पडला हुता?"

रंगनाथचा चेहराच उतरला. त्याचा बाप पिऊन मेला, हे सगळ्या शेवगावला ठाऊक आहे. त्याने शपथ घेतली, "बाई, आजपासनं शरदला थेंब देणार न्हाई. कुनालाच आशी देत न्हाई. ज्याला मिशी पुरती फुटली न्हाई त्याला आदी दाखला, मंग बाटली, आन् दाखल्यावर बी माझा इश्वास बसला पायजे."

जिंकले असं वाटलं. मागे वळले तर पिशवी हातात धरून शरू उभा. केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. कोणीतरी ओरडलं, "आला बघा पायाळू!" पुन्हा हशा. राहीबाईने ओठ चावला. शरूचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता काहीतरी बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं. त्याने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि गेला.

२४ जून

शरू श्रीरामपूरला गेला. तिथे त्याच्या मित्राच्या काकाचा छापखाना आहे, तिथे काम मिळेल म्हणाला. पहाटेच्या एस.टी.ने. मी दशम्या बांधून दिल्या, त्याने घेतल्या. पाया पडला. म्हणाला, "अक्का, दाजींना जप."

मी म्हटलं, "तू स्वतःला जप. दाजींना काय धाड भरलीय?"

तो हसला नाही. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बघत होता. मला रडू आवरेना, पण मनाशी म्हटलं, दुकानापासून लांब गेला हेच खूप आहे. हे झोपले होते. उठल्यावर "गेला? खरंच गेला?" असं तीन-तीनदा विचारलं. पोटच्या पोरासारखा वाढवला, तुटणारच ना जीव.

२८ जून

हे कचेरीच्या कामाला नगरला जाऊन आले. पिशवीत औषधाच्या बाटल्या. तिथल्या कुणा वैद्याने खोकल्यावर दिल्या म्हणतात. खोकला मी तरी ऐकला नाही, पण आले तेव्हा प्रसन्न होते. मला "दमलीस का?" असंही विचारलं.

शरूची गादी उन्हात टाकली, खोली सारवली, उदबत्ती लावली. वास काही जात नाही. पोरगं गेलं आणि वास ठेवून गेलं.

७ जुलै

शरूचं कार्ड आलं. काम चांगलं आहे, छपाईचे खिळे जुळवायला शिकतोय. "तुझी आठवण येते. दाजींची तब्येत कशी आहे?" दर ओळीआड दाजी, दाजी. बघा, पोर किती जाणतं झालं. सुटली असणार ती सवय. वेळीच केलं ते बरं झालं.

यांना पुन्हा नगरला जायचं होतं, पण साहेबांनी रजा दिली नाही. घरी येऊन पाटावरून उठले आणि ताट भिंतीवर फेकलं. वीस माणसांसमोर मोठा आवाज न करणारा माणूस! मी भात गोळा केला आणि भिंत पुसली.

११ जुलै

यांचं काय बिनसलंय कळत नाही. चहा बशीत ओततात तर अर्धा धोतरावर. कचेरीत सही वाकडी आली म्हणून साहेब बोलले. अंगाला घाम, पोटात काही ठरत नाही. पित्त असेल म्हणून कोकमाचं सरबत दिलं, आवळा दिला, दृष्टही काढली. एकसारखं म्हणतात, "शरदला पत्र टाक. बोलावून घे. मी चुकलो म्हणावं."

तुम्ही कसले चुकता, मी म्हटलं. भावासाठी इतका झुरणारा मेहुणा कोणाला मिळतो?

१३ जुलै

पहाटे यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. भिंत तर लख्ख. "झाड गं, झाड त्यांना," म्हणून ओरडत होते आणि माझ्या हातातून हात सोडवत होते. शेजाऱ्यांनी डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, बोटं ताठ करायला लावली. मग मला बाहेर बोलावून विचारलं, "किती वर्षांपासून घेतात?"

मी विचारलं, "काय?"

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. ते चांगले गृहस्थ आहेत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, दारू एकदम तुटलीय यांची. कालपरवा संपली असणार. हे नगरलाच न्यायला हवं, माझ्याकडे यावरचं इंजेक्शन नाही. कचेरीची जीप सोमवारी सकाळी मिळेल असं मी बघतो. तोवर थोडी थोडी द्यावी लागेल. झटका आला तर माणूस हाताला लागणार नाही."

मी आत गेले. हे रडत होते. म्हणाले, "आधी गोरक्ष आणायचा. मग शरद. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, तुझ्या अक्काला कळलं तर ती जीव देईल. म्हणून आणायचा. एक थेंब शिवला नाही तो."

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला त्यांचा राग आला नाही, याचाच राग आला. तोंड हुंगलं होतं मी त्याचं! वास नव्हता! शपथ घेतली होती त्याने माझी, आणि मी वीस माणसांत त्याची नाळ काढली.

नगरहून आणलेल्या एका बाटलीच्या तळाशी थोडी होती. ती पाजली. दिवस निघाला.

१४ जुलै, रविवार

सकाळी पंचांग उघडलं. आषाढ वद्य दशमी, आणि तारीख चौदा जुलै. तिथी आणि तारीख एकोणीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, असं आण्णा सांगायचे. एकोणीस पूर्ण झाल्याचा याहून पक्का दाखला कोणता? आज रंगनाथला नेऊन दाखवता आला असता.

दहाच्या सुमाराला यांचे दात वाजू लागले. शेजारच्यांना सांगू कोणत्या तोंडाने? "दारू आणून द्या" म्हणू? हे माझा पदर धरून म्हणत होते, "मला नगरला नको नेऊ, लोक बघतील. शरदला बोलाव."

शेजारणीला यांच्यापाशी बसवलं, "औषध आणते," म्हटलं आणि पिशवी घेतली. शरूचीच पिशवी.

बाजार भरला होता. रंगनाथच्या दुकानासमोर रांग. पुढे एक पोरगा होता, ओठावर नुसती लव. रंगनाथ त्याच्यावर खेकसत होता, "दाखला? दाखला आन आदी. बाईंनी शपथ घातलीय मला." तेवढ्यात त्याने मला पाहिलं. रांगेतल्या माणसांनीही पाहिलं आणि वाट करून दिली. त्यांना वाटलं असेल, बाई पुन्हा कुणाचं वय कमी करायला आल्या.

रंगनाथ हात पुसत पुढे आला. "बाई, देवाशप्पत, शरदला दिली न्हाई. त्यो तर गावातच न्हाई ना?"

मी पिशवी फळीवर ठेवली. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या बापाची गोष्ट त्याला माहीत असल्यामुळे असेल, त्याला समजलं. खालच्या आवाजात म्हणाला, "सायबांसाठी?"

मी मान हलवली.

मी म्हटलं, "रंगनाथ, त्यांना कधी देऊ नका. ते स्वतः आले तरी देऊ नका. कायद्यात काही नाही का असं?"

"त्यांचं वय भरलंय बाई," तो म्हणाला. "कुठल्या कलमात बसवू?"

त्याने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली. मला कोणी दाखला मागितला नाही.

परत येताना राहीबाईच्या भाजीच्या वाट्यांवरून जावंच लागतं. पिशवीतून बूच दिसत होतं. तिने पाहिलं. मला वाटलं आता हिचं तोंड सुटणार, आणि सुटावंच असं वाटलं. ती उठली, मेथीच्या दोन जुड्या उचलल्या आणि पिशवीत वरून नीट पसरल्या. म्हणाली, "जावा. सावकाश जावा."

घरी येऊन चमच्याने पाजली. थोड्या वेळाने दात वाजायचे थांबले, हात स्थिर झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पत्र टाकलंस का शरदला?"

कार्ड घेऊन बसले. "चि. शरदास अनेक आशीर्वाद. आज तुला एकोणीस पूर्ण झाली." इथवर लिहिलं. पुढे क्षमा माग म्हणून हात सांगतो, आणि क्षमा मागितली की ये असं लिहावं लागतं. मी ये म्हटलं तर तो उद्याच्या गाडीने येईल. येऊन माझ्या हातातून ही पिशवी काढून घेईल आणि एक शब्द बोलणार नाही. मी ओळखते त्याला.

कार्ड तसंच पंचांगात ठेवलं. आतून पुन्हा विचारणा झाली. "टाकलं हो," म्हटलं, आणि मेथी निवडायला बसले.